आहेर लहान, वानवळा मोठा

लग्न आटोपते, मांडव उतरतो, पाव्हणे-रावळे एस.टी. धरून आपापल्या गावी जातात आणि मग घरातली बायामंडळी आहेराचे गाठोडे सोडून बसतात. नांदेडच्या सिडकोत पाहा, लातूरच्या एखाद्या जुन्या गल्लीत पाहा, नाहीतर मुखेड-अहमदपूरकडच्या खेड्यात पाहा, देखावा सारखाच. साड्यांचा एक ढीग, टॉवेल-टोप्यांचा दुसरा, पाकिटांचा तिसरा. एकजण वही वाचतो, दुसरी कापड दोन बोटांत धरून चोळून बघते. आणि मग हमखास एक वाक्य ऐकू येते, "सख्ख्या मामानं हे आणलं व्हय?"

वाक्य एवढेसे आहे. पण त्याचे परिणाम एवढेसे नसतात. ते चुलत्याच्या कानावर जाते, तिथून मामीच्या कानावर जाते आणि पुढच्या पंचमीला मुराळी येतच नाही. एका टॉवेलापायी बहीण-भावाचे येणे-जाणे वर्षानुवर्षे तुटलेले आहे, अशी घरे आपल्या भागात शोधायला लांब जावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजून सोडून देण्याजोगा नाही. नात्यातल्या माणसाने स्वस्तातली वस्तू दिली, तर ती आठवणीने दिली असे मानायचे की हात आखडला असे मानायचे?

उत्तर देण्याची घाई आपण करू नये. कारण वस्तूच्या किमतीवरून देणाऱ्याचे मन ओळखता येते हे गृहीतच मुळात कच्चे आहे. आधी विचारायला हवे की हे देणे कोणत्या जातीचे आहे.

आपली भाषा या बाबतीत मोठी जाणती आहे. देण्याला तिच्याजवळ एकच शब्द नाही. लग्नामुंजीत देतात तो आहेर. भाऊबीजेला ताटात टाकतात ती ओवाळणी. संक्रांतीला सुवासिनी लुटतात ते वाण. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर देतात ती शिदोरी. पोराच्या हातावर ठेवतात तो खाऊ. आणि शेतात नवे पीक आले की त्यातले मूठ-पसा शहरातल्या आप्तांकडे पाठवतात तो वानवळा. आपल्याकडे कोणी त्याला वानोळाही म्हणतात. 'बोळवण' हा शब्द तर पाहण्यासारखा आहे. लेकीला साडीचोळी करून मायेने वाटेला लावणे म्हणजे बोळवण. आणि कोणाला थोडक्यात गुंडाळून वाटेला लावणे म्हणजेही बोळवणच. म्हणजे आपल्याला जी शंका आज येते, ती या एका शब्दात आपल्या पूर्वजांनी कधीच नोंदवून ठेवली आहे.

या प्रत्येक देण्याचे माप निराळे. काही देणी तर स्वस्त असण्यातच शोभतात. दसऱ्याला आपण आपट्याचे पान देतो आणि त्याला सोने म्हणतो. पान फुकटचे असते, पण लहानाने ते मोठ्याच्या हातात ठेवून पाया पडायचे असते. त्या वाकण्याची किंमत पानाला चढते. समजा, एखाद्याने खरोखरच सोन्याचे वळे काढून दिले, तर घेणारा घाबरेल! तिळगुळाचेही तसेच. चार दाण्यांत वर्षभराचे भांडण मिटवण्याची त्याची शक्ती आहे आणि ती शक्ती त्याच्या लहानपणातच आहे, कारण ते कोणालाही परवडते.

लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येला वेळ अमावास्या करतात. बोलण्यात आपण तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात. ज्याला शेत आहे तो, शेत नसलेल्या मित्राला, शेजाऱ्याला, कचेरीतल्या साहेबालासुद्धा आपल्या रानात घेऊन जातो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील. यात बाजारातून विकत आणलेले फार थोडे असते. पण येळवसेला बोलावले नाही म्हणून जो रुसवा येतो, तो महागड्या आहेराने निघत नाही. इथे देणाऱ्याने दिलेली वस्तू म्हणजे 'तू आमचा आहेस' ही खूण असते. तिला बाजारभाव नाही.

आता आहेराकडे वळू. आहेराचा कायदा मात्र वेगळा आहे. आहेर ही निव्वळ भेट नव्हे. ती भेटही आहे आणि हिशेबही आहे. मांडवाच्या तोंडाशी एक शहाणा माणूस वही घेऊन बसतो. खेड्यापाड्यांत तर ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, की अमुक गावचे अमुक पाव्हणे यांच्याकडून एकशे एक रुपये. नाव, गाव, रक्कम. ती वही ट्रंकेत जपून ठेवतात आणि त्या पाव्हण्याच्या घरी कार्य निघाले की ती उघडून पाहतात. घेतले तेवढे, वर थोडे चढवून, परत जाते.

याला हसू नये. खेड्यात बँक नव्हती, सावकाराचे व्याज जबर होते, अशा काळात एका घरच्या कार्याला साऱ्या भावकीने हातभार लावायचा आणि तो फिरत फिरत प्रत्येकाच्या दारी यायचा, अशी ही बिनव्याजी व्यवस्था होती. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूंवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पॅसिफिक महासागरातली बेटे, उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा, प्राचीन रोम आणि आपले हिंदुस्थानातले दानधर्माचे ग्रंथ इतका मोठा पसारा चाळून त्याने दाखवून दिले की भेटीमागे तीन बंधने असतात. द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते. मोससाहेबांना आपल्याकडची एखादी आहेराची वही दाखवली असती, तर त्यांना दुसरा पुरावा लागला नसता.

परंतु या वहीत एक अडचण आहे. रुपया एका जागी थांबत नाही. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली शिक्का चालत होता आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार म्हणत. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, त्यानंतरही काही वर्षे हाली रुपया चालू होता. १९५० साली हिशेब असा होता की सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. तेव्हा सोलापूरकडून आलेल्या मामाने एक कलदार घातला आणि उदगीरच्या मामाने एक हाली घातला, तर वहीत दोघांच्या नावापुढे एकेकच रुपया दिसणार. पण दोन रुपये सारखे नव्हेत. आज हाली गेला, कलदारही गेला. पण तोच घोटाळा महागाईने पुन्हा आणला आहे. वीस वर्षांमागे कोणी एकशे एक घातले होते. आज त्याच्या घरी एकशे एकच घातले, तर वही जुळते पण न्याय जुळत नाही. अशा वेळी, ऐपत असूनही वहीतल्या आकड्याच्या आड लपणे, याला मात्र चिक्कूपणा म्हणायला हरकत नाही.

आहेराची यादी ठेवण्याला पुढे सरकारी कायद्यानेही मान्यता दिली हे फार थोड्यांना माहीत असते. हुंडा प्रतिबंधक कायदा झाला १९६१ साली. त्याखाली १९८५ साली जे नियम झाले, त्यांत वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करण्यास सांगितले आहे. वस्तू कोणती, तिची अदमासे किंमत किती, देणाऱ्याचे नाव काय आणि तो नातलग असल्यास त्याचे नाते कोणते, हे सारे त्या यादीत यावे आणि खाली वधू-वरांनी सह्या कराव्यात. भेट न मागता दिलेली असावी, रीतीला धरून असावी आणि देणाऱ्याच्या सांपत्तिक स्थितीच्या मानाने तिची किंमत बेसुमार नसावी, अशीही अट कायद्यात आहे. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. कायदा वस्तूची किंमत एकटी पाहत नाही. देणाऱ्याच्या ऐपतीशी ती ताडून पाहतो. जे शहाणपण कायद्याला सुचले, ते माजघरातल्या पंचायतीला सुचायला काय हरकत आहे?

ऐपतीशी ताडणे म्हणजे काय, ते एका हिशेबाने पाहू. लातूर आणि नांदेडकडचे आजचे मुख्य नगदी पीक सोयाबीन. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता, आणि त्या हंगामात बाजारात अनेक दिवस भाव त्याच्याही खाली राहिला. तरी हमीभावच धरू. एका भावाने भाऊबीजेला बहिणीला दीड हजाराची साडी घेतली. म्हणजे त्याने जवळपास एकतीस किलो सोयाबीन तिच्या ताटात ओतले. त्यात बियाणे आले, खत आले, फवारणी आली, काढणीची मजुरी आली. आता त्याच बहिणीचा दुसरा भाऊ शहरात नोकरीला आहे आणि त्याचा पगार महिना नव्वद हजार आहे असे समजा. त्यानेही दीड हजाराचीच साडी आणली. त्याचा तो अर्ध्या दिवसाचा पगार. दोन्ही साड्या एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या असतील. पण एक साडी एकतीस किलोंची आहे आणि दुसरी अर्ध्या दिवसाची. आणि शेतकरी भावाने पाचशेचीच आणली असती, तरी ती नोकरदार भावाच्या दीड हजाराच्या साडीपेक्षा जड भरली असती.

यात पावसाचा भाग आणखी वेगळा. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे आजही आपल्यात आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर पाणी घेऊन. अशा वर्षी ज्याच्या रानात काही पिकले नाही, त्याने लग्नाला नुसते येऊन मांडवात उभे राहावे, दोन हात राबवावेत, हाच त्याचा आहेर. त्याने तेवढ्यासाठी सावकाराच्या दारात जाऊन कर्ज काढावे आणि मग भरजरी साडी आणावी, अशी अपेक्षा आपण ठेवत असू, तर कंजूस तो नव्हे. कद्रू मन आपले आहे.

मग खरा चिक्कूपणा ओळखायचा कसा? त्याच्या खुणा आहेत, आणि त्या किमतीत नाहीत.

पहिली खूण अशी की देणारा जिथे दिसते तिथे सढळ असतो आणि जिथे दिसत नाही तिथे आखडतो. पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नात जाड पाकीट आणि विधवा बहिणीच्या मुलीच्या लग्नात एकावन्न रुपये, हे गणित ज्याचे असते, त्याने हातचे राखलेले असते. दुसरी खूण फिरत्या कापडाची. आपल्याकडे 'देण्या-घेण्याच्या साड्या' म्हणून एक माल दुकानात निराळाच मिळतो. लग्नाचा बस्ता बांधताना नवरीचा शालू निवडायला चार तास लागतात आणि मग दुकानदाराला सांगतात, "मानपानाच्या चाळीस द्या, कोणत्याबी." ती 'कोणतीबी' साडी ज्या घरी जाते, तिथेही कोणी नेसत नाही, ती पुढच्या लग्नात पुढे सरकते. एकेक खण तर असा असतो की तो चार तालुके हिंडून येतो आणि एखाद्या दिवशी आपल्याच दारी परत येतो! यात फसवणूक कोणाची होते? कोणाचीच नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असते. पण अशा देण्यात घेणाऱ्याचा विचारच केलेला नसतो. ती भेट नसून जकात असते. महाग असली तरी ती जकातच.

म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा तो हा, की या वस्तूत मी आहे का? मला गुडघेदुखी आहे हे लक्षात ठेवून मावशीने जुन्या साडीची जाड घडी शिवून बसायला दिली, यात मी आहे. माझ्या मुलीला दहावीचा अभ्यास आहे म्हणून आत्याने शंभर रुपयांच्या वह्या आणल्या, यात माझी मुलगी आहे. आणि रंगीत कागदात गुंडाळलेले घड्याळ, जे देणाऱ्याकडे कोणत्या तरी समारंभात आले होते, त्यात कोणीच नाही.

या कसोटीवर आपला वानवळा सगळ्यांत वर चढतो. वानवळ्यात असते तरी काय? शेर-दोन शेर तुरी, मेथीच्या चार जुड्या, कोवळी कणसे, घरच्या म्हशीचा खवा, नव्या गुळाचा एक खडा. शहरातला माणूस पटकन म्हणतो, "कशाला एवढं ओझं आणलं? इथं कोपऱ्यावर तीस रुपयांत मिळतं की." बोलणारा मायेनेच बोलतो, पण त्या वाक्याने पिशवी आणणाऱ्याचे तोंड उतरते. कारण त्याने तीस रुपये आणलेले नसतात. त्याने पहाटे दवात उभे राहून कवळी कवळी शेंग वेचलेली असते. पहिला तोडा बाजारात न्यायच्या आधी तुमच्यासाठी बाजूला काढलेला असतो. एस.टी.त ती पिशवी मांडीवर घेऊन तो तीन तास बसलेला असतो, आणि वाटेत दोनदा उघडून, कोमेजले तर नाही ना, हे पाहिलेले असते. हे कोपऱ्यावर मिळत नाही.

परदेशातल्या विद्वानांनीही या प्रश्नात डोके घातले आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली एक लेख प्रसिद्ध केला. नाताळात मिळालेल्या वस्तूंची तुम्हांला किती किंमत वाटते, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले. उत्तर असे निघाले की देणाऱ्याने जेवढे खर्च केले, त्यापेक्षा घेणाऱ्याला ती वस्तू एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी किमतीची वाटते. काका-मावशी, आजी-आजोबा अशा नात्यांतल्या भेटींत ही घट जास्त. मित्रांच्या भेटींत कमी. म्हणजे लांबचा नातलग पैसे घालवतो आणि ते वाया जातात! पण या हिशेबातली एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वस्तूशी जडलेल्या भावनेची किंमत सोडून सांगा, असे त्या विद्यार्थ्यांना सांगितलेले होते. आता वानवळ्यातून माया वजा केली तर मागे तीस रुपयांची मेथीच उरणार! हा हिशेब खोटा नव्हे. तो बाजारी वस्तूंना लागू आहे. दुकानातून घाईने उचललेल्या मानपानाच्या साडीला तो तंतोतंत लागू पडतो. वानवळ्याला लागू पडत नाही.

दुसरे संशोधन २००९ सालचे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अॅडम्स या दोघांनी असे दाखवले की देणाऱ्याला वाटते, जितकी महाग वस्तू तितका समोरचा अधिक खूश होईल. पण घेणाऱ्यांकडे चौकशी केली तर किमतीचा आणि त्यांच्या समाधानाचा तसा संबंध आढळत नाही. म्हणजे गंमत पाहा. आपण घेणारे असतो तेव्हा किंमत फारशी मनाला लागत नाही, आणि आपणच देणारे झालो की रात्र रात्र किमतीची काळजी करतो. सुदामदेवाची गोष्ट दुसरी काय आहे? त्याच्या बायकोने शेजारपाजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदाम्याने ती पुरचुंडी लाजून लपवली. श्रीकृष्णाने ती ओढून काढली आणि तोंडात घास घातला. लाज देणाऱ्याला होती. घेणाऱ्याला भूक होती, ती मैत्रीची.

इथवर सारे ठीक. पण श्रोतेहो, या प्रश्नाच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. बहीण जेव्हा भावाच्या साडीला नावे ठेवते, तेव्हा ती नेहमीच साडीविषयी बोलत असते असे नाही.

आपल्याकडे फार जुनी रीत अशी की शेत मुलांना आणि चोळी-बांगडी मुलींना. बापाची जमीन भावांनी वाटून घ्यायची आणि त्या बदल्यात बहिणीचे माहेर जन्मभर सांभाळायचे. पंचमीला आणायचे, दिवाळीला साडी करायची, तिच्या लेकरांच्या लग्नात मामाचा आहेर करायचा. हा अलिखित करार होता. आता कायदा बदलला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून, त्या वर्षीच्या २२ जूनपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. केंद्राने २००५ साली तोच हक्क सर्व मुलींना, लग्न झालेल्यांनाही, दिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. त्यासाठी २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असे नाही.

असे असूनही पुष्कळ बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. कोणी मायेने करते, कोणी लोकलाजेने करते, कोणी 'माहेर तुटेल' या धाकाने करते. ज्या बहिणीने आपल्या वाट्याचे एकर-दीड एकर असे सोडून दिले, तिच्या ताटात जेव्हा देण्या-घेण्याच्या ढिगातली साडी पडते, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येते ते कापड हलके आहे म्हणून नव्हे. तिला वाटते, की मी जे दिले ते कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. तिला हावरी म्हणणे हा मोठा अन्याय आहे. आणि अशा ठिकाणी भावाने पुढच्या वर्षी पैठणी आणली, तरी हिशेब मिटत नाही. कारण जमिनीचा हिशेब कापडाने मिटत नसतो. तिथे एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे, तिचा वाटा असेल तर द्यावा, आणि ती स्वखुशीने सोडत असेल तर 'तू सोडलंस म्हणून आमचं भागलं' एवढे चारचौघांत म्हणावे. मग तिला आपट्याचे पानसुद्धा पुरते.

आता थोडक्यात सांगायचे तर असे.

घेणाऱ्याने वस्तूची किंमत देणाऱ्याच्या खिशाशी ताडून पाहावी, आपल्या अपेक्षेशी नव्हे. त्या वस्तूत आपली आठवण आहे की नाही ते पाहावे. लेकरांच्या देखत तर कोणाच्या आहेराचा भाव कधीच करू नये; मुले आहेर विसरतात, भाव विसरत नाहीत, आणि पुढे तोच भाव ती आपल्या मामाच्या तोंडावर सांगतात. आणि वाईट वाटलेच असेल, तर ते खरोखर या वस्तूचे आहे की मागच्या एखाद्या दुःखाचे आहे, हे स्वतःला विचारावे.

देणाऱ्याने कर्ज काढून आहेर करू नये. ऐपत नसेल तर ती लपवू नये. "यंदा पिकलं नाही ताई, एवढंच जमलं" या सरळ वाक्यात जेवढी इभ्रत आहे, तेवढी उधारीच्या शालूत नाही. ऐपत असेल तर जुन्या वहीच्या आकड्याआड लपू नये. चाळीस घरांत चाळीस निरुपयोगी साड्या वाटण्यापेक्षा, चारच माणसांना त्यांच्या उपयोगाचे द्यावे आणि बाकीच्यांना पोटभर जेवू घालावे. आता बऱ्याच पत्रिकांवर 'आहेर आणू नये' असे छापतात. तेही चांगलेच, मात्र छापले की पाळावे. दारात नको म्हणायचे आणि आतल्या खोलीत घ्यायचे, याने गरिबाची अधिकच ओढाताण होते, कारण खरे काय ते त्याला कळत नाही.

पूर्वी आहेरात पितळेची, मग स्टीलची भांडी देत आणि त्यांवर नाव घालून घेत. अमक्याकडून सप्रेम भेट, खाली तारीख. कित्येक घरांत तो पेला, तो डबा अजून वापरात आहे. ज्या शालूंची त्या लग्नात एवढी चर्चा झाली, ते कधीच विरून गेले. पण कोणा गरीब आत्याने दिलेल्या पेल्यातून आज तिसरी पिढी पाणी पिते आणि रोज तिचे नाव वाचते. तो पेला घेताना कोणी नाक मुरडले होते की काय, हे आता कोणाला आठवत नाही. न आठवलेलेच बरे.